अठरा फूट सहा इंच आणि साडेपाच मीटर

प्रश्न : बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं कौलारू घर आहे. आजेसासऱ्यांनी १९५४ साली घेतलेलं. आता आमचे हे आणि दीर, दोघांनी मिळून ते विकायचं ठरवलंय. खरेदीखत मराठीत आहे, त्यात रुंदी १८ फूट ६ इंच आणि लांबी ६४ फूट लिहिलीय. नवीन ई-खात्यात (पालिकेच्या संगणकावरच्या मालमत्ता नोंदीत) मात्र ५.५० × १९.५० मीटर, क्षेत्र १०७.२५ चौरस मीटर. मी १,१८४ चौरस फुटांना ३.२८ नं भागलं तर ३६१ मीटर येतात. मग उरलेले अडीचशे मीटर गेले कुठं? दीर म्हणतात, कुणीतरी मुद्दाम कमी लावलंय. पुतण्यानं मोबाईलवर हिशेब केला, त्याचे १,१९० फूट येतात. गिऱ्हाईक म्हणतं ११५० धरून गोल करा. दर चार हजार रुपये फूट ठरलाय. आणखी एक. माझ्या माहेरची खानापूर तालुक्यातली जमीन पहाणीत (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात) ०-१२-०८ आहे, सासरची चंदगड तालुक्यातली सातबाऱ्यावर ०.१२.०८. दोन्ही सारख्याच ना? घराच्या पैशातून टिळकवाडीत फ्लॅट बघतोय, तिथं एजंट ११५० फूट सांगतो आणि रेराच्या पानावर ७४ दिसतं. कुणावर विश्वास ठेवायचा? आणि दिरांना हे कसं समजवायचं? — एक वाचक, शहापूर

ताई,

आधी ते अडीचशे मीटर डोक्यातून काढून टाका. ते कधी नव्हतेच. ३.२८ हा आकडा लांबीचा आहे. दोरी, पाईप, साडीचा काठ मोजायचा तर एका मीटरला ३.२८ फूट बरोबर. जागेला दोन बाजू असतात. एक मीटर लांब नि एक मीटर रुंद असा चौकोन जमिनीवर खडूनं आखला तर त्याची ही बाजूही ३.२८ फूट आणि ती बाजूही ३.२८ फूट. म्हणून एका चौरस मीटरात ३.२८ गुणिले ३.२८, म्हणजे १०.७६ चौरस फूट बसतात. तुम्ही एकदाच भागलंत, दुसऱ्यांदा भागायचं राहिलं. ३६१ ला पुन्हा ३.२८ नं भागून बघा, ११० येतात.

तेच तुमच्या घराचं खरं माप. नीट करायचं तर असं : एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. हा आकडा अंदाजे नाही, नेमका आहे. १९५९ साली इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा धरायचं ठरलं, त्याच्या बारापट हा फूट. त्यावरून एक चौरस फूट म्हणजे ०.०९२९०३०४ चौरस मीटर. तुमचे १८.५ × ६४ = १,१८४ चौरस फूट, म्हणजे १०९.९९७ चौरस मीटर. सरळ ११० म्हणा. तोंडी ताळा घ्यायचा असेल तर आकड्याला दहानं भागा आणि शंभरी सात वजा करा. ११८.४ वजा ८.३, उरले ११०.१. बाजारात उभ्या उभ्या एवढं पुरे होतं.

म्हणजे घोळ आहे, पण तो ११० आणि १०७.२५ यांच्यातला. पावणेतीन चौरस मीटर. तुमच्या दरानं त्याचे १ लाख १८ हजार रुपये होतात. दिरांना राग यायला ही रक्कम पुरेशी आहे, ते मी मान्य करते. पण हा फरक कुठून आला हे ई-खात्यातच लिहिलेलं आहे. क्षेत्रफळाकडं बघू नका, बाजूंकडं बघा.

६४ फुटांचे १९.५०७ मीटर होतात. खात्यात १९.५० आहे. ठीक, मिलिमीटर सोडून दिले, सात मिलिमीटरनं कुणाचं काही जात नाही. आता रुंदी. १८ फूट ६ इंच म्हणजे ५.६३९ मीटर. खात्यात ५.५०. इथं चौदा सेंटिमीटर गेलेत, साडेपाच इंच. लांबीत सेंटिमीटरपर्यंत जपणारा माणूस रुंदीत एकदम वीतभर सोडेल का? गोल करायचंच होतं तर ५.६ केलं असतं. ५.५० कुठल्याच हिशेबानं गोल होत नाही.

आता हे करून बघा. कॅल्क्युलेटरवर १८.०६ टाका आणि ०.३०४८ नं गुणा. ५.५०४६८८ येतं. मागचे अंक तोडा : ५.५०.

सापडलं ना? खरेदीखतावरून कुणीतरी १८ फूट ०६ इंच असं उतरवून घेतलं, त्याचं १८.०६ झालं आणि संगणकानं ते अठरा पूर्णांक सहा शतांश फूट समजलं. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. संगणकाला मिळाला पाऊण इंच. मला तरी यात कुणाचा डाव दिसत नाही. डाव करणारा माणूस १९.५० इतकं प्रामाणिक ठेवणार नाही.

आणि गंमत बघा, तुमच्या पुतण्यानंही हीच चूक केली, फक्त उलट्या दिशेनं. त्यानं १८.६ टाकलं. १८.६ × ६४ = १,१९०.४. त्याच्या हिशेबात घर साडेसहा फुटांनी वाढलं. त्याच सहा इंचांचे एका ठिकाणी १८.०६ झाले, दुसऱ्या ठिकाणी १८.६, आणि खरे १८.५ कुणीच टाकले नाहीत. इंच बारा असतात आणि दशांश दहा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. इंचांना बारानं भागायचं आणि मग फुटांत मिळवायचं. ३ इंच म्हणजे .२५, ९ इंच म्हणजे .७५, ४ इंच म्हणजे .३३. दहा फूट दहा इंच कुणी १०.१० लिहिलं तर समजा एका भिंतीत पाऊण फूट गेला. नकाशे काढण्यात माझा जन्म गेला, आणि या एका टिंबानं जितकी भांडणं लावलेली बघितली तितकी बांधावरच्या झाडांनीही लावली नसतील. कागदावर फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब देऊच नये. 'फू.' आणि 'इं.' अशी अक्षरं लिहावीत, जागा थोडी जास्त गेली तरी जाऊ दे.

हा झाला कागदाचा तर्क. तो बरोबरच असेल असं धरून अर्ज करू नका. आधी दोन गोष्टी पडताळा.

पहिली म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा. तुमची गल्ली जुनी आहे, घराला सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर असणारच. मुंबई राज्यातल्या पद्धतीच्या जुन्या उताऱ्यांवर क्षेत्र चौरस वारांत असतं. एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट, म्हणून १,१८४ चे १३१ आणि पाच नवमांश वार झाले पाहिजेत. उताऱ्यावर १३१ च्या पुढं काही दिसलं तर खरेदीखत आणि उतारा एका बाजूला आणि ई-खातं एकटं दुसऱ्या बाजूला. दुरुस्ती मागायला याहून भक्कम आधार लागत नाही. उतारा मीटरमध्ये असेल तर ११० च्या आसपास शोधा. कागद कन्नडमध्ये असेल तर चदर अडी म्हणजे चौरस फूट, चदर मीटर म्हणजे आपलं चौरस मीटर. आकडा वाचण्याआधी त्याच्या पुढचा शब्द वाचा.

ही तीन मापांची खिचडी आपल्या वाट्याला कशी आली तेही सांगते, कारण दिरांना वाटतं की हे आजच कुणीतरी केलंय. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस दशमान मापांचा कायदा देशात झाला. तुमचं खरेदीखत १९५४ चं, दोन्हींच्या आधीचं. म्हणून ते मराठीत आणि फुटांत. ई-खातं कन्नडमध्ये आणि मीटरमध्ये. कुणी मधल्या मध्ये बसून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका मापातून दुसऱ्या मापात उतरवलं, तिथं सहा इंच निसटले.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष टेप. आणि इथं जरा जपून, कारण मापं बदलताना जितका फरक पडतो त्याच्या तिप्पट फरक टेप कुठं लावला यानं पडतो. गल्लीतली घरं कशी असतात ते तुम्हाला मी काय सांगायचं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागं परडं, आणि दोन्ही अंगाला शेजाऱ्याशी सामाईक भिंत. माती-दगडाची भिंत, दीड फूट जाड. सामाईक भिंतीची अर्धी जाडी आपली धरली तर दोन्ही बाजूंची मिळून दीड फूट झाली. तुम्ही सोप्यात आतून आत टेप लावलात तर १७ फूट भरेल, १८ फूट ६ इंच नाही. १७ × ६४ = १,०८८. ९६ चौरस फूट भिंतीत गेले! गिऱ्हाईकानं उद्या मेस्त्री आणला आणि आतून मोजून "बघा, तुमची जागा कमी भरते" म्हणाला, तर गांगरू नका. खरेदीखतात भिंतींबद्दल काय शब्द आहेत ते वाचा. 'सामाईक भिंतीसह' किंवा 'भिंतीच्या मध्यापासून' असं काही असेल तर माप भिंतीच्या मध्यापर्यंत जातं.

भिंतीची जाडी दारात मोजायची, चौकट सोडून. रुंदी तीन ठिकाणी घ्या : रस्त्याच्या तोंडाला, माजघरात आणि परड्याच्या टोकाला. जुन्या गल्लीत कुठलीच जागा गुण्यात, म्हणजे काटकोनात नसते, एक तर गोमुखी (पुढं अरुंद, मागं रुंद) असते नाहीतर वाघमुखी (पुढं रुंद, मागं अरुंद). खरेदीखतात रुंदी एकच लिहिलीय याचा अर्थ मागची रुंदी तेवढीच आहे असं नाही, लिहिणाऱ्यानं फक्त पुढची बघितली असेल. समजा परड्याकडं १७ फूट ६ इंचच भरले. मग सरासरी १८ फूट, क्षेत्र १,१५२, आणि गिऱ्हाईकाचे ११५० लबाडीचे नाहीत असं म्हणावं लागेल. तसं असेल तर ई-खात्यात रुंदी ५.४८ यायला हवी होती, म्हणून मला ते कमी शक्य वाटतं. पण माझ्या वाटण्यावर लाखाचा व्यवहार करू नका.

टेप घरातला पाच मीटरचा नको. चौसष्ट फूट मोजायला तो चार वेळा ठेवावा लागतो आणि दर खेपेला पेन्सिलची रेघ इकडं तिकडं होते. हार्डवेअरच्या दुकानात तीस मीटरचा फितीचा टेप मिळतो, किंवा मेस्त्रीकडून तासाभरासाठी मागून घ्या. टेपच्या एका कडेला सेंटिमीटर असतात, दुसऱ्या कडेला इंच. दोन्ही वाचून दोन्ही लिहा. मग रूपांतर करायची गरजच राहत नाही, एक माप दुसऱ्याचा साक्षीदार होतं. मेस्त्री 'अठरा फूट पाच इंच सहा सूत' असं काही सांगेल. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या जरा वर. तुमच्या कामाला सूत लागत नाही, पण त्याला सांगू द्या, त्याचा हात त्या मापात बसलेला असतो.

एक नियम मात्र कडक पाळा. गोल करायचं ते सगळ्यात शेवटी, आणि एकदाच. बाजू आधी गोल केल्या की गुणाकारात ती चूक फुगते. तीस बाय चाळीसच्या साईटचं उदाहरण घ्या, आपल्याकडं निम्म्या लेआऊटमध्ये तीच असते. १,२०० फूट म्हणजे १११.४८ मीटर. कुणी सोयीसाठी ९ बाय १२ मीटर धरलं तर १०८ होतात, म्हणजे १,१६२ फूट. साडेसदतीस फूट हवेत गेले.

आता गिऱ्हाईक. ई-खात्यातले १०७.२५ मीटर म्हणजे १,१५४.४ फूट. त्यानं वरचे साडेचार फूट सोडून ११५० म्हटलं, हे उघड आहे. तुमच्या १,१८४ शी तुलना केली तर ३४ फूट, १ लाख ३६ हजार रुपये. 'गोल करा' हा शब्द ऐकायला मोठ्या मनाचा वाटतो, पण गोल नेहमी खालीच का करायचं? तुम्ही ११९० म्हटलं असतं तर त्याला ते गोल वाटलं असतं का? ई-खातं दुरुस्त होईपर्यंत संचकारपत्रात (विसाराच्या करारात) एकरकमी किंमत लिहू नका. 'प्रत्यक्ष मोजणीनं भरेल त्या क्षेत्रावर, दर चौरस फुटाला ४,००० रुपये' असं लिहा. गिऱ्हाईक सरळ असेल तर हरकत घेणार नाही.

दराबद्दल एक सावधगिरी. मुद्रांकासाठी सरकारी मार्गदर्शक दर बघाल तेव्हा तो चौरस फुटाला आहे की चौरस मीटरला, हे आधी बघा. क्षेत्र फुटांतून मीटरमध्ये नेलं की आकडा लहान होतो, पण दर फुटावरून मीटरवर नेला की आकडा मोठा होतो. चार हजार रुपये फूट म्हणजे ४३,०५६ रुपये मीटर. घाईत लोक दरालाही १०.७६ नं भागतात आणि ३७२ रुपये आले म्हणून डोकं धरून बसतात. क्षेत्र आणि दर यांचा शेवटी गुणाकार करा. ११० × ४३,०५६ आणि १,१८४ × ४,००० दोन्ही सव्वासत्तेचाळीस लाखांच्या वर थोडे, ४७ लाख ३६ हजारांच्या आसपास यायला हवेत. आले तर दोन्ही बरोबर.

खरेदीच्या दस्तात तपशील लिहिताना वकिलांना सांगा, बाजू आधी, क्षेत्र नंतर, दोन्ही मापांत. आणि चतुःसीमा, म्हणजे कन्नड दस्तात ज्याला चक्कुबंदी म्हणतात ती, अगदी बारकाईनं. पूर्वेला कुणाचं घर, पश्चिमेला कुठला रस्ता. क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांत फरक पडला तर न्यायालयं साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतात. आकडा हुकू शकतो, शेजाऱ्याची भिंत आहे तिथंच असते.

जमिनीच्या प्रश्नाला उत्तर थोडक्यात 'नाही', पण हा प्रश्न सीमेच्या अलीकडं पलीकडं सोयरीक असलेल्या प्रत्येक घरानं विचारायला हवा. कर्नाटकातली पहाणी एकर-गुंठे-आणे अशी चालते. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा. तुमच्या माहेरची ०-१२-०८ म्हणजे बारा गुंठे आठ आणे, साडेबारा गुंठे. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, कारण तेहेतीस फुटांची मोजणीची साखळी लांबी-रुंदीला एकेकदा टाकली की एक गुंठा होतो. त्या साखळीला कड्याही सोळाच असत. साडेबारा गुंठ्यांचे १३,६१२ फूट, १,२६४.६ मीटर.

महाराष्ट्रातला सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटर असा. चंदगडची ०.१२.०८ म्हणजे बारा आर आठ चौरस मीटर. आर शंभर चौरस मीटरचा, म्हणून १,२०८ मीटर, १३,००३ फूट. दिसायला एकच आकडा, पण माहेरची जमीन ६०९ फुटांनी जास्त. अर्ध्या गुंठ्याच्या वर. आणि ०८ मध्ये खरी मेख आहे : खानापुरात ते अर्धा गुंठा, चंदगडात आठ चौरस मीटर, जेमतेम एका न्हाणीची जागा. चंदगड-गडहिंग्लज भागात बोलताना आरालाच गुंठा म्हणायची सवय आहे. एक-दोन गुंठ्यांत ते खपून जातं, फरक साडेबारा फुटांचा. एकराचा व्यवहार असेल तर चाळीसनं गुणा, पाचशे फूट होतात. तेव्हा भावंडांत अदलाबदल किंवा वाटणी करायची झाली तर दोन्ही उतारे चौरस मीटरवर आणा आणि मगच तोंड उघडा.

फ्लॅटचं सांगते. तिथं रूपांतराचा प्रश्नच नाही, दोघं वेगळ्याच वस्तू मोजतायत. रेराच्या पानावरचे ७४ हे चौरस मीटर, चटई क्षेत्र. २०१६ च्या कायद्यात त्याची व्याख्या आहे : घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र, आतल्या आडभिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि गच्ची सोडून. ७४ मीटर म्हणजे ७९६ फूट. एजंटचे ११५० सुपर बिल्ट-अप, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांतला तुमचा वाटा चढवलेला. समजा तो साडेचार हजार दर सांगतोय. ११५० ला ते ५१ लाख ७५ हजार झाले. त्यांना ७९६ नं भागा. साडेसहा हजार रुपये फूट पडतो. दुसऱ्या फ्लॅटशी तुलना करायची ती या दरानं करा, बोलण्यातल्या दरानं नाही. बाल्कनी किती मीटरची ते वेगळं विचारा, ती चटई क्षेत्रात नसते पण तिथं कपडे तर तुम्हीच वाळत घालणार.

फ्लॅट घेऊन फरशी बदलायची झाली तर दुकानातल्या फुटावर जाऊ नका. दोन बाय दोनची म्हणून जी टाईल मिळते ती ६०० मिलिमीटरची असते, दोन फूट म्हणजे तर ६१० मिलिमीटर. चार टाईलच्या बॉक्सवर १.४४ चौरस मीटर छापलेलं असतं, त्याचे साडेपंधरा फूट होतात. दुकानदार सोळा म्हणतो. आठशे फुटांना त्याच्या हिशेबानं पन्नास बॉक्स, खऱ्या हिशेबानं बावन्न, आणि कापण्यात जाणाऱ्या तुकड्यांसाठी पाच टक्के वर. ऐन शेवटच्या खोलीत दोन बॉक्स कमी पडले आणि त्या बॅचची छटा संपलेली असली, की काय होतं ते कुठल्याही फरशीवाल्याला विचारा.

राहिले दीर. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नका, त्यांना ते 'बाहेरच्या बाईनं शिकवलं' असं वाटेल. कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहा : १८.५ × ६४, १८.६ × ६४, १८.०६ × ६४. आणि कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात द्या. तिसऱ्या ओळीतल्या १८.०६ ला ०.३०४८ नं गुणायला सांगा. ५.५० स्वतःच्या बोटानं आलेलं बघितलं की 'मुद्दाम केलंय' हा शब्द आपोआप मागं पडेल. मोजायच्या दिवशी त्यांनाही बोलवा, चौसष्ट फुटांना टेपची दोन टोकं धरायला दोन माणसं लागतातच. पुतण्याला मापं लिहायला बसवा, म्हणजे १८.६ चा विषय चारचौघांत न काढता मिटेल.

हे सगळं आजच करा, कारण खातं दोघांच्या नावावर असेल तर दुरुस्तीच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतील. अर्जाला खरेदीखताची आणि सिटी सर्व्हे उताऱ्याची प्रत जोडा, आणि १८ फूट ६ इंच म्हणजे ५.६४ मीटर हा हिशेब एका ओळीत स्वच्छ मांडा. तक्रारीचा सूर नको, 'रूपांतरात इंच दशांश म्हणून धरले गेले आहेत, तपासून दुरुस्त करावे' एवढंच. जागेवर येऊन मोजतो म्हणाले तर आनंदानं हो म्हणा, तुमची मापं तयार आहेत. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासकट घ्या, आणि दुरुस्त खातं हातात पडेपर्यंत खरेदीची तारीख कुणालाही देऊ नका.